जुनं गोवं, आत्या आणि दाराची कडी

पहिला दिवस : फोंडा

कोल्हापूरहून रात्री सुटलेली गाडी सकाळी पणजीच्या कदंबा स्टँडवर लागली तेव्हा पाऊस असा कोसळत होता की गाडीतून उतरून छत्री उघडेपर्यंतच मी भिजले. श्रावण लागून आठवडा झाला होता. फोंड्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले तर खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर घेतली, सरकल्या आणि म्हणाल्या, "हांगा बस गो." गोव्यात शिरल्याचं मला पाटी वाचून कधीच कळत नाही, असं काहीतरी ऐकलं की कळतं.

मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. पुढच्या महिन्यात एका महिला मंडळात बोलायचं कबूल करून बसलेय. विषय मीच निवडला, जुन्या काळातल्या मुलींच्या सुधारगृहांचा, आणि त्यातही त्या मुलींना आत काय वाटत असेल याचा. टिपणं भरपूर झाली. डब्लिन, सिडनी, मॅसॅच्युसेट्स, आपलं केडगाव. पण सगळं कागदावरचं. जुन्या गोव्यात अशी घरं चारशे वर्षांपूर्वी उभी होती आणि ती जागा एका रात्रीच्या प्रवासावर आहे, हे लक्षात आलं तेव्हा सुट्टी टाकली. दुसरं कारण आत्या.

आत्या एकोणऐंशीची आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मुलींच्या संस्थेत तिने सव्वीस वर्षं काढली. काळजीवाहक म्हणून लागली, अधीक्षक म्हणून निवृत्त झाली. आम्हा पोरांना घरात 'आत्याची शाळा' एवढंच माहीत होतं. रिमांड होम हा शब्द आमच्या आजीने घरात कधी उच्चारू दिला नाही. आतोबा गेल्यावर ती लेकाकडे फोंड्याला आली. दादाचं इथे औषधांचं दुकान आहे.

माझी बॅग आत्याच्याच खोलीत ठेवली. दार लोटताना हाताला काहीतरी खडबडीत लागलं. बाहेरच्या बाजूला, कडी असते तिथे, स्क्रूची चार भोकं लांबीने बुजवून वरून रंग दिलेला. कडी नाही, कोयंडा नाही. वहिनीला विचारलं तर ती हसली. "आल्या त्या आठवड्यातच सुताराला बोलावून काढायला लावली. वाऱ्याने वाजते म्हणाल्या."

संध्याकाळी पाऊस थोडा ओसरल्यावर म्हार्दोळला गेलो. श्रावणात इथे जाईचा सुळसुळाट असतो, देवळाबाहेर बायका ओंजळी-ओंजळींनी कळ्या घेऊन बसलेल्या. म्हाळसा मूळची वेर्ण्याची, मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोक देव उचलून नदीपार या अंत्रुज महालात आले, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. त्याच सुमाराचा दुसरा एक हुकूम कमी सांगितला जातो. १५५९ साली लिस्बनहून फर्मान निघालं की आई, बाप, आजी, आजोबा कुणीच उरलं नसेल अशा चौदा वर्षांखालच्या हिंदू मुलांना जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारक पंथाच्या सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करायचं आणि त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवायचं. पुढे पुढे बाप गेला असला तरी पुरे, असं झालं. आई पदराशी धरून उभी असली तरी पोर अनाथ.

मी हे सांगत होते, आत्या गजरा निवडत होती. म्हणाली, "अनाथ कोण ते कचेरीतच ठरतं. माझ्याकडच्या निम्म्या अनाथ मुलींच्या आया दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटायला यायच्या."

गजरा तिने माळला नाही. हातात धरूनच घरी आणला आणि उशीशी ठेवला.

दुसरा दिवस : जुनं गोवं

दादाने गाडी काढली. बाणास्तारीचा पूल ओलांडला आणि पंधरा-वीस मिनिटांत जुन्या गोव्याच्या चौकात. लोकांचा लोंढा बॉम जेझू चर्चकडे आणि समोर से कथेड्रलकडे. आम्ही दोन्ही सोडून पश्चिमेकडच्या चढाला लागलो. या टेकाडाला मोंत सांतो म्हणतात, पवित्र डोंगर. नाव मोठं, चढ लहान. पण आत्याच्या गुडघ्यांना विचाराल तर ती नावावर शिक्कामोर्तब करेल.

चढताना मी तिला आलेइशु दे मेनेझिशची गोष्ट सांगितली. १५९५ साली हा ऑगस्टीनियन पंथाचा माणूस गोव्याचा आर्चबिशप म्हणून आला आणि बायकांसाठी तीन घरं उभी केली. एक सांता मोनिका, जोगिणींचा म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ, पाया १६०६ चा. दुसरं नोसा सेन्योरा दा सेर्रा, तिथे अनाथ पोर्तुगीज मुली आणि नवरे सफरीवर किंवा लढाईवर गेलेल्या बायका. तिसरं सांता मारिया मादालेना, 'वाट चुकून परत आलेल्या' बायकांसाठी. पहिलं मठ, पुढच्या दोघांना पोर्तुगीजमध्ये रेकोलिमेंतु म्हणत.

"म्हणजे काय?"

"गोळा करून आत घेणं."

आत्या थांबली, दम खाल्ला. "पाऊस आला की धुणं आत घेतो, तसं?"

शब्द अगदी तोच आहे. वाळत घातलेले कपडे आत घेण्याला पोर्तुगीजमध्ये हेच क्रियापद वापरतात. चार महिने टिपणं काढून मला हे सुचलं नव्हतं.

लिस्बनच्या राजाने पोसलेल्या अनाथ मुलींना तर या घरांपर्यंत सहा-सहा महिने जहाजातून आणत. राजाच्या अनाथ, ओर्फांश देल-रेइ, असंच त्यांना म्हणत. १५४० च्या दशकात ही जहाजं सुरू झाली. मुलीबरोबर हुंडा म्हणून रोकड यायची नाही, तर नोकरी यायची. तिच्याशी लग्न करील त्याला एखाद्या ठाण्यातली कारकुनी, एखाद्या किल्ल्यावरचा हुद्दा. मुलगी म्हणजे नेमणुकीचं पत्र. ते पत्र सही होईपर्यंत ती सेर्राच्या घरात थांबायची. कधी आठवडे, कधी वर्षं.

"आणि नवऱ्यानेच ठेवलेल्या?" आत्याने विचारलं. होत्याच. सफरीवर जाताना विश्वासाने ठेवलेल्या आणि संशयाने ठेवलेल्या, दोन्ही. कारभार मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय मंडळाकडे. सेर्राचं घर आता राहिलेलं नाही. तिथलं चर्च गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कने बांधलं होतं आणि मेल्यावर त्याला आधी तिथेच पुरलं होतं, म्हणून इतिहासात त्या जागेचं नाव तरी टिकलं.

सांता मोनिका मात्र उभी आहे, आणि केवढी! तीन मजले, जांभ्याच्या जाडजूड भिंती, रस्त्याच्या अंगाला हत्तीच्या पायांसारखे टेकू. १६२७ ला पुरी झाली, १६३६ ला जळली, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा बांधली. आशियातला जोगिणींचा पहिला मठ म्हणतात तो हाच. १९६४ पासून इथे मातेर देई ही सिस्टरांना धर्मशिक्षण देणारी संस्था आहे आणि बाजूला ख्रिस्ती कलेचं म्युझियम. म्युझियम सुरेख आहे, हस्तिदंताची कामं बघावीत अशी, पण त्याबद्दल इतरांनी लिहिलंय. आत्याला त्यात काडीचा रस नव्हता. तिने बाहेर उभं राहून खिडक्या मोजल्या.

"वरच्या मजल्यावरून नदी दिसत असणार."

"मांडवी, आणि पलीकडे दिवाडी बेट."

"मग वरचा मजला मोठ्या घरच्या मुलींचा."

असेलही. मठात उतरंड पक्की होती. काळ्या शिरोवस्त्राच्या वर, पांढऱ्या शिरोवस्त्राच्या खाली, आणि सगळ्यांच्या सेवेला दासी, त्यांत विकत घेतलेल्याही. श्रीमंत घरच्या मुली हुंड्यासकट आत जातात, शहरात लग्नाला मुली आणि व्यापाराला पैसा उरत नाही, अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेने थेट राजाकडे केली होती. मुली आत खुशीने जात होत्या का याबद्दल तक्रारीत काही असण्याचं कारणच नव्हतं.

इथे आत्याने मला इतिहास कसा वाचायचा ते शिकवलं, तेही चालता चालता. मी म्हणत होते की या बायकांनी स्वतः लिहिलेलं हाताला फार थोडं लागतं, राहतात ते नियम आणि हिशेब. ती म्हणाली, "मग नियम वाच की. जो नियम लिहून काढावा लागला ते कुणीतरी केलेलं असतं. न केलेल्या गोष्टीला कोण मनाई करतंय?"

आणि खरंच, अशा बंद घरांची कलमं देशोदेशी तीच भेटतात. पत्र वरिष्ठांनी वाचल्याशिवाय हाती द्यायचं नाही. भेटीला आलेल्यांशी जाळीतून एकटीने बोलायचं नाही. एका अंथरुणात दोघींनी निजायचं नाही. मनाई म्हणून वाचलं तर कंटाळा येतो. आत्यासारखं वाचलं तर एक मुलगी पत्र लपवतेय, एक जाळीशी कुजबुजतेय, एक रात्री घाबरून शेजारणीच्या पांघरुणात शिरतेय. आत्याच्या संस्थेत बावीसावा नियम होता : गजरा, फूल, रिबिन माळू नये. ती लागली तेव्हा एकवीसच होते.

चर्चमध्ये शिरलो. तिथल्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, रडणारा क्रूस आहे. ८ फेब्रुवारी १६३६ रोजी त्यावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले आणि काट्यांच्या जखमांतून रक्त वाहिलं, असं जोगिणींनी पाहिलं. अजून दर २७ नोव्हेंबरला फेस्त भरतं. आत एक म्हातारे गृहस्थ गुडघे टेकून बसले होते, बाकी कुणी नाही. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं.

आत्या बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं नमस्कार करतेय. बाहेर आल्यावर विचारलं, "आग कुठल्या साली म्हणालीस?"

"१६३६. वर्षाअखेर."

"म्हणजे फेब्रुवारीत डोळे उघडले आणि डिसेंबरात आग. वाईट वर्ष गेलं असणार आत. असं वर्ष येतं गं. एक बघते, मग दुसरीला दिसतं, मग सगळ्यांना." आणि तिने सांगितलं की एका श्रावणात त्यांच्याकडे एका मुलीच्या अंगात आलं. तिसऱ्या रात्रीपर्यंत चौदा जणी घुमत होत्या. डॉक्टर आले, झोपेची इंजेक्शनं झाली. "मी काय केलं माहितीये? दोन दिवस घंटा बंद केली. पाचला उठवायला घंटा, दात घासायला घंटा, ताट वाढायला घंटा. ती बंद केली, म्हटलं उठा हव्या तेव्हा. थांबलं. पण वरून विचारणा झाली घंटा का बंद, तर परत सुरू केली."

मला केडगाव आठवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली, बालविधवा उचलून तिथे आणल्या, पुढे फसवल्या गेलेल्या मुलींसाठी कृपासदन काढलं. १९०५ च्या जूनअखेर मुक्तिसदनात मुली एकाएकी मोठमोठ्याने रडू लागल्या, तासन्‌तास, अभ्यास आणि कामं बाजूला पडली. मिशनच्या लिखाणात त्याला पवित्र आत्म्याचं येणं म्हटलंय. श्रद्धेने बघणाऱ्याशी माझा वाद नाही. मला एवढंच दिसतं की दुष्काळातून उचललेल्या, आईबाप डोळ्यांदेखत मेलेल्या मुली आठ-नऊ वर्षं शिस्तीत राहिल्या आणि मग रडायला मुभा मिळाली.

शेजारी आवर लेडी ऑफ द रोझरीचं लहानसं चर्च आहे. त्यात दोना कातारिनाची संगमरवरी कबर, नक्षी गुजराती धाटणीची. हिंदुस्तानात आलेल्या पहिल्या पोर्तुगीज बायकांपैकी ही. गव्हर्नर गार्सिया द सा याच्याबरोबर तिने संसार केला, मुली झाल्या, पण लग्न लागलं ते ती मरणाच्या दारात असताना, आणि लावलं फ्रान्सिस झेवियरने, असं सांगतात. लग्न लागलं म्हणून ती या कबरीत आहे. नसतं लागलं तर तिच्यासारख्यांसाठी पुढे मादालेना होतीच.

ऑगस्टीनच्या मनोऱ्याखालच्या भग्नावशेषांत शेवाळावरून आत्याचा पाय सटकला. वाईट काही नाही, घोटा मुरगळला. पण गाडीपर्यंत दादाने तिला जवळजवळ उचलूनच नेलं. ती वाटभर त्याच्यावर ओरडत होती की चालता येतंय मला, धरू नकोस.

रात्री जेवणानंतर वहिनीने बेबिंका काढला, गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ, शेजारणीकडून आणलेला. तोही सांता मोनिकाचाच म्हणतात. बिबियाना नावाच्या जोगिणीने सात थरांचा केला, फादर म्हणाले लहान झाला, मग तिने थर वाढवले. अशी आख्यायिका. प्रत्येक थर वेगळा भाजायचा, वरून निखारे, एक झाला की दुसरा. अंड्यांतलं पिवळं वापरायचं, पांढरं कपड्यांच्या खळीला.

"दिवसभर लागत असेल," वहिनी म्हणाली.

"म्हणूनच," आत्या म्हणाली. "आम्ही शेवया वळायला लावायचो. हात गुंतले की डोकं चालत नाही, असं मला शिकवलं होतं. खोटं आहे ते."

तिसरा दिवस : घरात

दिवसभर पाऊस. आत्याचा पाय आंबेहळदीच्या लेपाने पिवळा, उशीवर ठेवलेला. ठरलेलं सगळं रद्द. प्रवासवर्णनात घरात बसल्याचा दिवस कुणी लिहीत नाही, पण मी या सगळ्या प्रवासात सर्वांत लांब गेले असेन तर याच दिवशी.

मी माझी टिपणं वाचून दाखवत होते, ती तिच्याकडचं त्यात घालत होती. सिडनीजवळ पॅरामाटाला १८८७ ते १९७४ मुलींचं सुधारगृह होतं. तिथल्या मुली भिंतींवर, लाकडावर आणि स्वतःच्या हातापायांवर चार अक्षरं कोरायच्या, आयएलडब्ल्यूए. 'आय लव्ह, वर्शिप ऑलवेज' याची आद्याक्षरं, पुढे लाडक्या मैत्रिणीचं नाव. आत्याने हे ऐकून वहिनीला हाक मारली, "दुधावरची ताटली आण गं."

जर्मनची साधी ताटली, कडा चेपलेल्या. वहिनी रोज दुधाच्या पातेल्यावर झाकते. आत्याने पुसली, उलटी केली. तळाला खिळ्याने कोरलेली अक्षरं. एक नाव होतं, त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून ते खोडलेलं, त्याखाली दुसरं, तेही खोडलेलं, आणि कडेला पुन्हा पहिलं, बारीक अक्षरात. मी बोट फिरवलं. घासून घासून गुळगुळीत झालंय, पण पहिल्या नावाची वेलांटी अजून लागते.

"ताटावर नंबर असायचे वरच्या बाजूला. खालची बाजू त्यांची. भंगारात काढली तेव्हा मी एक उचलली."

"भांडण झालं होतं दोघींचं?"

"संसार मोडला होता." ती हसली. मुली तिथे संसार मांडायच्या. एक आई, एक बाप, धाकट्या पोरी, एक खाष्ट आजीही. कुणी कुणाला 'अहो' म्हणायची. शेंगदाण्याच्या लाडवाचे वाटे त्या नात्याप्रमाणे पडायचे, आणि खोबरेल तेलाच्या वाटीवरून काडीमोड व्हायचे. मी म्हटलं, अमेरिकेतल्या मुलींच्या सुधारशाळांत असंच होतं, तिथल्या अभ्यासकांनी १९३० च्या आसपास खोटी-खोटी कुटुंबं म्हणून लिहून ठेवलंय. मॅसॅच्युसेट्समधल्या लँकेस्टरला १८५६ साली मुलींसाठी तिथली पहिली अशी शाळा निघाली तेव्हा तर सरकारनेच मुलींना घरा-घरांत वाटून प्रत्येक घरावर एक 'आई' नेमली होती.

"नेमलेली आई मीही होते. मॅडम म्हणायच्या मला. आई म्हणायच्या तिला, सतरा वर्षांच्या पोरीला."

दोघी फार जवळ आल्या की खोली बदलायची हा शिरस्ता. बदलली की एक जण जेवण सोडायची. शेऱ्यात लिहायचं : हट्टी. दुसरी मुकाट राहायची. शेऱ्यात : सुधारणा दिसते. आत्या म्हणाली, आता वाटतं दोन्ही शेरे उलटे लिहायला हवे होते.

पत्रांचंही तसंच. महिन्याला एक पोस्टकार्ड, ऑफिसात वाचून मग डाकेत. सगळ्या कार्डांत एकच मजकूर. मी खुशाल आहे, शिवण शिकते, तुम्ही काळजी करू नये. खरं पत्र परकराच्या नेफ्यात शिवलेलं. धोब्याकडे कपडे जायचे नाहीत, मुलीच धुवायच्या, म्हणून ते टिकायचं.

आत्याकडे मुली कशा यायच्या? १९२४ चा मुंबई बालकायदा, मग १९४८ चा. पोलिसांनी आणलेल्या, कुणी नसलेल्या, आणि 'नैतिक धोक्यात' असलेल्या. हा तिसरा कप्पा सर्वांत मोठा आणि सर्वांत ढिला. पळून लग्न केलेली त्यात, सावत्र बापापासून पळालेलीही त्यातच. "तिघींची रजिस्टरं वेगळी, गोधड्या एकाच गठ्ठ्यातल्या. तुझ्या त्या बिशपने घरंच वेगळी बांधली, एवढाच फरक."

मग मी डब्लिनचं वाचलं. मॅग्डालेन लाँड्र्या, वाट चुकलेल्या म्हणून कोंडलेल्या मुलींकडून शहराचे कपडे धुऊन घेणाऱ्या. १९९३ साली एका मठाने जमीन विकली, म्हणून तिथली थडगी उकरावी लागली. परवाना १३३ जणींचा होता, सांगाडे निघाले १५५. शेवटची लाँड्री १९९६ ला बंद झाली आणि आयर्लंडच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१३ च्या फेब्रुवारीत. आत आल्यावर नाव बदलायचे, केस कापायचे...

"वाच ना," आत्या म्हणाली. मी थांबले होते कारण तिचा चेहरा बदलला होता.

"झालं एवढंच."

बराच वेळ पाऊस ऐकत बसलो. मग ती आपणहून बोलली. पळालेली मुलगी होती एक, एसटी स्टँडवरून पोलिसांनी परत आणली. सोळाची. केस कमरेच्या खाली. वरून निरोप आला की इतरांना जरब बसली पाहिजे. "शिपाईण कापायला तयार होईना. मग मी कातर घेतली. मोठी, शिवणाच्या वर्गातली. पोर हलली नाही. रडलीसुद्धा नाही, मान सरळ धरून बसली, वेडंवाकडं कापलं जाऊ नये म्हणून. माझेच हात थरथरत होते."

"रजिस्टरात काय लिहिलंस?"

"उवा. केस कापले, कारण उवा. एक ऊ नव्हती गं डोक्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला सगळ्या केस मोकळे सोडून आल्या. तेल नाही, फणी नाही, वेणी नाही. चाळीस-बेचाळीस जणी, ओळीत, हात जोडून. कुणी काही बोललं नाही. घरात कुणी गेल्यावर बायका बसतात तशा. "आणि मी काय केलं? म्हटलं, सुरू करा. आणि त्यांनी अगदी सुरात म्हटली प्रार्थना."

वहिनी चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून कप ठेवून परत गेली.

चौथा दिवस : चिंबल, आणि रात्र

घोट्याची सूज उतरली होती. आत्याने हट्टच धरला. एकोणिसाव्या शतकात, जुनं गोवं ओस पडल्यावर, सेर्रा आणि मादालेना ही दोन्ही घरं उठवून चिंबलला, कार्मेलाईट या ख्रिस्ती पंथाच्या रिकाम्या मठात नेली होती. १८३४ नंतर पुरुषांचे मठ पोर्तुगालने बंदच केले, म्हणून जागा रिकामी. सांता मोनिकात नवी मुलगी घ्यायला बंदी झाली, असलेल्या जोगिणी एकेक करून म्हाताऱ्या झाल्या, १८८० च्या दशकात शेवटची गेली. त्या शेवटच्या एकटीचा विचार मी गाडीत बोलून दाखवला, तर आत्या म्हणाली, "घंटा कोण वाजवत असेल?"

चिंबलला तिघांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. शेवटी मासळीची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईने बोट केलं. गाडी जाईल तिथवर नेली. पुढे चिखल आणि कमरेएवढं गवत, श्रावणातलं. आत्या गाडीतच थांबली. मी आणि दादा काठी आपटत थोडं आत गेलो. जांभ्याची भिंत, तिच्यावर चढलेला वड, मुळांनी धरून ठेवलेले दगड. दादा म्हणाला, जनावर असेल, पुढे नको. पाच मिनिटांत परतलो. एवढंच चिंबल.

आत्याने काच खाली केली. "दार होतं का?"

"दारं कुठली राहतायत. भिंत आहे."

"चौकट?"

मी नीट बघितलं नव्हतं. दगडी चौकट असती तर कडी-अडसराची खोबण कुठल्या बाजूला ते कळलं असतं, आतल्या की बाहेरच्या, असं तिचं म्हणणं. दगडात तेवढं राहतं म्हणे. मी परत जाते म्हटलं, तर "राहू दे, भिजशील" म्हणाली. परतीच्या वाटेवर गप्पच होती. बाणास्तारीच्या पुलावर एकदम म्हणाली, "भाषणात उवांचं सांग. माझं नाव घेतलंस तरी चालेल."

"नाव नाही घेणार."

"मग आत्या म्हण."

वहिनीने हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या होत्या, जेवण जड झालं. माझी गाडी सकाळी सहाची, म्हणून लवकर आडवे झालो. मध्यरात्री वारा सुटला. आमच्या खोलीचं दार उघडून धाडकन भिंतीवर, परत धाडकन चौकटीवर. दोनदा, तीनदा. आत्या जागी होती, अंधारात तिचे डोळे दिसत होते, पण ती काही बोलली नाही. मी उठले. आतून कडी घालू का विचारलं, तर म्हणाली, "आतली गंजलीये, बसत नाही." बाहेरच्या बाजूला सवयीने हात गेला, तिथे ती लांबीने बुजवलेली भोकं.

शेवटी कालचं वर्तमानपत्र चौपदरी केलं आणि दाराखाली कोंबलं. तरी थोडं हलतच होतं.